शेवटच्या रिळात मरणारा मित्र

प्राध्यापकाचं पुस्तक एकदाचं हातावेगळं झालं, तेव्हा त्याच्या आईला अंथरुणाला खिळून दुसरं वर्ष चालू होतं. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनही झालं, पण पुन्हा उभं राहणं काही जमलं नाही. बहीण परगावी, आपल्या संसारात. याचं लग्न झालेलं नव्हतं. तेव्हा कॉलेजात चित्रपट शिकवायचा, घरी येऊन आईची कूस बदलायची आणि मधल्या वेळात लिहायचं, असं त्याचं सगळं जग दोन खोल्यांत येऊन बसलं होतं.

पुस्तक होतं जुन्या, रडवणाऱ्या चित्रपटांवर. त्या चित्रपटांत नायकाचा एक मित्र असायचा. रंगानं काळा, आणि बऱ्याचदा तर गोऱ्या नटालाच काजळी फासून उभा केलेला. तो नायकावर जीव ओवाळून टाकायचा, आजारपणात उशाशी बसायचा, नायिका बघणार नाही इतका वेळ त्याच्याकडे टक लावून बघायचा आणि शेवटच्या रिळात गोळी खाऊन त्याच्याच मांडीवर प्राण सोडायचा. मग नायक डोळे पुसून घरी जायचा आणि लग्न करायचा. प्राध्यापकाचं म्हणणं असं, की या दोघांत जे होतं त्याला प्रेम म्हणायची पडद्याची छाती नव्हती, आणि काळ्या माणसाला घरात घ्यायचीही नव्हती. एका गोळीत दोन्ही प्रश्न मिटायचे.

हे चित्रपट त्यानं आईच्या पलंगाशेजारी बसूनच पाहिले होते. तिला सगळे तोंडपाठ. ती दर वेळी रडायची आणि रुमालात नाक शिंकरत म्हणायची, "गुणी होता रे बिचारा. पण तो राहिला असता तर याचा संसार कसा झाला असता?"

ते वाक्य त्यानं जसंच्या तसं पुस्तकात घातलं. कोणाचं, ते लिहिलं नाही.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला माणूस होता एक चित्रपट संकलक. कोणे एके काळी त्याच्या पणजोबाला समुद्रापलीकडून जहाजात घालून बंदरावरच्या मजुरीसाठी आणलेलं. पुढच्या सगळ्या पिढ्या इथंच जन्मल्या, वाढल्या, तरी त्याचा रंग बघून दुकानदार अजून विचारायचे, "मूळचे कुठले तुम्ही?" जुनी रिळं बघायला म्हणून प्राध्यापक त्याच्या स्टुडिओत गेला, आणि मग जातच राहिला. आई पडल्यापासून संकलक दर रविवारी घरी यायचा. तिला उचलून खुर्चीत बसवायचा, केस धुवायला मदत करायचा. "हात हलका आहे हो तुझा," आई त्याला म्हणायची. याहून जास्त तिनं कधी विचारलं नाही, प्राध्यापकानंही सांगितलं नाही.

एका रविवारी शेजारीण डोकावली. संकलक पलंगाच्या काठावर बसून आईची नखं कापत होता.

"हे कोण?" शेजारणीनं विचारलं.

"दुरुस्तीवाला," आई म्हणाली. "टीव्ही बघायला आलाय."

प्राध्यापक चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तो ट्रेमधले कप नीट लावत राहिला. संकलकानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, नेलकटर मिटून ठेवलं, टीव्हीच्या मागं जाऊन एक वायर हलवल्यासारखं केलं.

"झालं, काकू. आता नीट दिसेल."

आणि बूट घालून तो निघाला. प्राध्यापक त्याच्या मागं जिन्यात धावला.

"ती म्हातारी आहे रे. तिच्या तोंडून गेलं."

"तिचं मला काही वाटलं नाही," संकलक म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. दोन खोल्यांचं घर बघितलंय. कधी बोलू, कधी बोलू, असं चाललं होतं माझं. आईंनाही घेऊन ये. मी करीन त्यांचं."

प्राध्यापकानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्या आठवड्यात त्यानं धीर करून बहिणीला फोन लावला.

"ताई, आईला काही महिने तुझ्याकडे नेशील का?"

"अरे, माझ्याकडे जागा कुठाय? तू एकटा जीव. तुला काय अडचण?"

"मी एकटा नाहीये, ताई."

पलीकडे तिनं दार लोटल्याचा आवाज आला. मग ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे मला. म्हणून तर सांगते, आहेस तिथंच राहा. माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. लोक काय काय विचारतात."

फोन ठेवल्यावर त्याला उमगलं. आपण गुपित राखतोय या समजुतीत इतकी वर्षं श्वास कोंडून बसलो, आणि ज्यांच्यापासून ते राखायचं त्यांनीच बाहेरून कडी घातलेली होती.

संकलक गेला. जाताना चिडला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. इकडे प्रकाशकबाई रोज फोन करत होत्या. सगळं छपाईला तयार होतं, फक्त अर्पणपत्रिका राहिली होती. "आईला, असं टाकू का? सगळे तेच टाकतात," त्या म्हणाल्या. प्राध्यापकानं नाही म्हटलं आणि संकलकाचं नाव सांगितलं, आडनावासकट.

पुस्तक आलं. आईची नजर अधू झालेली, म्हणून तिनं वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"हा कोण?" नाव ऐकून तिनं विचारलं. "रविवारी यायचा तो?"

"हो."

"त्याला कशाला?"

"तो माझा माणूस आहे, आई. मित्र म्हणतात तसला नाही. माझा माणूस." त्याचा आवाज फाटला, पण बोलून झालं. "तू त्याला दुरुस्तीवाला म्हणालीस, आणि मी गप्प बसलो."

आई छताकडे बघत राहिली. तिची बोटं चादरीची किनार चिमटीत धरून सोडत होती.

"मला वाटलंच होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हणून तर म्हणाले तसं. शेजारणीला काय सांगणार होते मी?" आणि थोड्या वेळानं, "पुढचं वाच."

त्यानं पुढचं वाचलं. तिचं स्वतःचं वाक्य आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्या पुस्तकाचा विषय तिनं काढला नाही.

संकलकाचा फोन आला तो सुट्टीच्या दिवशी, दुपारी. एरवी प्राध्यापक फोन घेऊन गॅलरीत जायचा. त्या दिवशी तो पलंगाशेजारीच बसून राहिला.

"पुस्तक मिळालं," संकलक म्हणाला. "पहिलं पान बघितलं. कितीतरी वेळ तेच बघत होतो."

"आवडलं?"

"आवडलं. तू कधी येतोयस?"

प्राध्यापकानं आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण जागी होती. "ही आता प्रवास करू शकत नाही. डॉक्टर नकोच म्हणतात. आणि हिला सोडून मला येता येत नाही."

"मला वाटलंच तसं," तो म्हणाला. "दुसरी खोली मी भाड्यानं दिली. एकट्याला परवडत नव्हती. रागावू नकोस."

"नाही रे. बरं केलंस. जेवलास का?"

"जेवलो."

आणखी थोडं इकडचं तिकडचं बोलून दोघांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?" आईनं भिंतीकडे बघतच विचारलं.

"खोली देऊन टाकली म्हणाला."

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाली, "पाठ भरून आली रे. जरा वळव."

त्यानं एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि तिला हळूच दुसऱ्या कुशीवर घेतलं. तोंड त्याच्याकडे झाल्यावर तिनं त्याचं मनगट धरलं, आणि तिला झोप लागेपर्यंत त्याला तिथून उठता आलं नाही.