काढता येईल ना?

मी बोलतोय, जर्मनीतल्या लाइपझिगच्या डेटलेफ क्यूनास्टांच्या गोदामातला सोलर पॅनेल. जरा भरभर सांगतो हं, मला थांबणं जमत नाही. माझ्या तारेला प्लग आहे. बाल्कनीत अडकवा, घरातल्या सॉकेटमध्ये खुपसा, झालं, घराला वीज सुरू! पण चार महिने मी खोक्यात, उन्हाचा एक कवडसा नाही. छपरावरचे मोठे पॅनेल रोज सकाळी गाडीतून जायचे, ते ऐकून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"हे खेळणं मी विकणार नाही," डेटलेफ म्हणायचे. एकतीस वर्षं छपरांवर पॅनेल बसवलेला माणूस!

"बाबा, तुमचा गुडघा आता शिडी चढू देतोय का?" त्यांची मुलगी आन्या करवादायची. "ज्यांना छप्पर नाही, नुसती बाल्कनी आहे, असे भाडेकरू रोज फोन करतात आणि आपण त्यांना नाही म्हणतो. दुकानाला टाळं लावायचंय?"

शेवटी ठरलं, एक लावून बघायचा. एक जरी तक्रार आली, तर आम्ही चाळीसच्या चाळीस कंपनीला परत. म्हणजे पुन्हा खोकं!

नंबर माझा लागला. तिसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या नोआकबाई राहायच्या. लिफ्ट होती, म्हणून डेटलेफ स्वतःच आले. बाईंनी कॉफी आणि आलुबुखाराचा केक मांडेपर्यंत यांनी ड्रिल काढून कठड्याला बारा भोकं पाडली, बारा बोल्ट आवळले.

"वादळ आलं तरी हलायचा नाही!"

बाई हबकल्याच. "अहो, मी वसंतात बहिणीकडे राहायला जाणार. हा काढता येईल ना? आणि कठडा घरमालकाचा आहे हो!"

डेटलेफ मटकन खुर्चीत बसले. "एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नाही," ते पुटपुटले. मग आन्याला फोन लावला. "आली तक्रार. सगळे परत पाठव."

"तक्रार कुणी केली?" बाई कडाडल्या. "मी विचारलं फक्त! केक खा आधी, मग ते बोल्ट काढा."

केक संपला. बोल्ट निघाले, भोकं बुजवून वर रंग लागला, मला साध्या पट्ट्यांनी बांधलं. प्लग बाईंनी स्वतः खुपसला. अहाहा, ते पहिलं ऊन! फ्रिज गुरगुरला, तो माझ्या जोरावर. त्या आठवड्यात गोदामातून माझी सहा भावंडं बाहेर पडली.

वसंत आला, आज बाई बहिणीकडे राहायला निघाल्यात. प्लग काढून पट्ट्या त्यांनी एकटीनेच सोडल्या. डेटलेफ दारात उभे होते, मला न्यायला आलेले. मला उचलून त्यांनी माझी काच बाहीनं पुसली.

"मी बसवलेलं काही पुन्हा माझ्या हातात कधी आलंच नव्हतं," ते म्हणाले. डोळे ओले होते त्यांचे.

खरंच भरून आलं हो मलाही. पण डेटलेफ, चला ना आता! बहिणीची बाल्कनी पश्चिमेला आहे आणि ऊन उतरायला लागलंय.