मोराची मोटार

जोतिबानं मखमली पडदा एका हातानं वर धरला आणि दुसऱ्या हातानं मोटारीतल्या फळीवर गोधडी पसरली. पडद्याच्या झालरीला घुंगरं होती. हात लागेल तशी ती वाजत होती. खाली दोघी शेजारणींनी त्याच्या सुनेला, शालूबाईला, बगलेत धरून उभं केलं होतं. कळ आली की ती कमरेत वाकायची आणि पदराचा बोळा दातांखाली धरायची.

“पोर आडवं हाय,” सुईण बनुबाई म्हणाली. “माज्या हातचं काम न्हवं हे. दुपारच्या आत मिरजेच्या दवाखान्यात पोचलं पायजे, न्हाईतर दोन्ही जिवांचं माज्याकडं मागू नगा.”

जोतिबाचा मुलगा अर्जुना पुढं हँडल मारत होता. चौथ्या झटक्याला इंजिन धरलं आणि बॉनेटवरचा पत्र्याचा मोर थरथरू लागला.

ही मोटार दोघांची होती आणि तिच्यावरून दोघांत सहा महिने नीट बोलणं नव्हतं. अर्जुना लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आला होता. साठवलेल्या पगारातून त्यानं लिलावातली एक जुनी लॉरी घेतली. तिच्यावरची बॉडी जोतिबानं बांधली. चार महिने तो दुसऱ्या कामाला हात न लावता तिच्यामागे होता. सागवानी फळ्या त्यानं खोबण्या पाडून एकमेकींत बसवल्या, वरून नुसतं तेल पाजलं. उन्हात उभी केली की लाकडाच्या रेषा दिसायच्या. भवतालच्या गावांतली माणसं फळीवरून हात फिरवून जायची.

पण साध्या मोटारीला वऱ्हाड मिळेना. सांगलीच्या अड्ड्यावर त्या साली नवीच टूम निघाली होती. कुणाच्या बॉनेटवर विमान होतं, कुणाच्या हंस, एकानं तर टपावर लाकडी घोडा उभा केला होता. लग्नघरची माणसं आधी त्या गाड्या बघायची. अर्जुना एकदा मोटार घेऊन सांगलीला गेला आणि आठ दिवसांनी परत आला तेव्हा जोतिबानं ती ओळखली नाही. समोर मोर, त्याच्या डोळ्यांत तांबडे दिवे. दोन्ही अंगांना आतून-बाहेरून आरशांच्या पट्ट्या. पुढच्या दिव्यांवर निळ्या काचा. मागच्या दारावर गुलाब हुंगणारी बाई. ड्रायव्हरच्या अंगाला बाहेरून चार तोंडांचा पितळी भोंगा, आणि हे सगळं बसवायला सागवानात जागोजागी पाडलेली भोकं.

जोतिबा त्या दिवशी एवढंच म्हणाला होता की नाचीचा साज तरी तिच्या अंगावर खेळ संपेपर्यंतच असतो. तेव्हापासून लग्नसराईत मोटार एक दिवस रिकामी राहिली नाही, आणि जोतिबा एकदाही तिच्यात बसला नाही. आज पहिल्यांदाच तो तिच्यात चढला.

कुंडलपर्यंत रस्ता बरा होता. शालूबाईचं डोकं बनुबाईच्या मांडीवर होतं. जोतिबा दाराशी, तिच्याकडं पाठ करून बसला, कारण सुनेच्या तसल्या वेळी सासऱ्यानं तिच्याकडं बघायचं नसतं. मागून तिचा आवाज आला की तो आरशांच्या पट्ट्या मोजू लागे.

कुंडलच्या वेशीत तालमीतले दहा-बारा गडी रस्ता अडवून उभे होते. लग्नसराईत वेशीतून जाणाऱ्या वऱ्हाडाच्या मोटारीनं तिथं नारळ फोडायचा आणि तालमीला सुपारी द्यायची, असा त्यांचा रिवाज होता. नारळाशिवाय मोटार गेली तर लग्न लाभत नाही असं मानायचे, त्यामुळं कुणी वाद घालत नसे. लांबून मोर दिसला तसे ते हसत रस्त्यात आले. एकानं डाव्या अंगाच्या पायरीवर उडी मारली, दुसऱ्यानं भोंग्याचा रबरी गोळा दाबला. चारही तोंडं एकदम वाजली.

अर्जुना ओरडून काहीतरी सांगत होता, पण त्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. पायरीवरचा गडी झालर हलवून म्हणाला, “नवरी लाजतीया रं, पडदा लावून बसलीया.”

अर्जुनानं मागं वळून बघितलं. बनुबाई दोन्ही हातांनी शालूबाईला धरून बसली होती. पाय ॲक्सिलेटरवरून काढला तर इंजिन बंद पडणार होतं.

“आबा, तुमी उतरा. हंबीरराव असत्याल पारावर, तालीम त्यांचीच हाय. त्यास्नी सांगा बाई अडलीया म्हणून. तुमचं ऐकत्यात ते.”

जोतिबा उतरला. पार वेशीच्या भिंतीआड होता. हंबीररावांच्या घराचा दरवाजा जोतिबानं बनवलेला, त्यांची बैलांची दमणीही त्याच्याच हातची. गेल्या उन्हाळ्यात याच पारावर बसून दोघं सांगलीच्या विमानवाल्या मोटारींना हसले होते. हंबीररावांनी तेव्हा चार माणसांत म्हटलं होतं की जोतिबाच्या लाकडाला रंग लावणारा अजून जन्मायचाय.

हंबीरराव पारावरून मान वाकवून मोटारीकडं बघत होते.

“जोतिबा, ही तुजी मोटार? ह्यो मोर तुजा?”

पारावर सात-आठ माणसं होती. त्यातला एक जण पाठीमागं तोंड करून हसला. जोतिबाच्या जिभेवर सुनेचं नाव आलं होतं. पण त्या रंगीबेरंगी डब्यात आपली सून विव्हळत पडलीय, हे एवढ्या पुरुषांत सांगायचं, आणि तेही हा प्रश्न विचारल्यावर, त्याला जमेना.

“लगीनसराईपुरता लावलाय जी,” तो म्हणाला. “वऱ्हाड आणाया चाललोय. मागनं काढायचाय.”

“मग बरं. म्या म्हटलं म्हातारपणी चळला का काय ह्यो.” हंबीरराव हसले आणि सरकून जागा केली. “बस की. नारळ आणला न्हाईस?”

नारळ नव्हता. एक गडी मदनशेठच्या दुकानाकडं गेला. मदनशेठ अजून बस्तीतून, जैनांच्या देवळातून, पूजा करून आले नव्हते, त्यामुळं दुकान उघडलं नव्हतं. कुणीतरी त्यांना बोलवायला गेलं. हंबीररावांनी पानाची चंची पुढं केली. जोतिबा पाराच्या कडेला टेकला. पान लावून होईतोवर भिंतीपलीकडं भोंगा वाजतच होता. मधेच थांबला तेव्हा एक आवाज आला, आणि तो भोंग्याचा नव्हता. हंबीररावांनी मान वर केली. जोतिबा मोठ्यानं खाकरला आणि दमणीचं जू नीट चालतं का म्हणून विचारू लागला.

नारळ आला तेव्हा ऊन पाराच्या पायरीवर उतरलं होतं. तो मोरापुढं फोडला गेला. गड्यांनी खोबरं वाटलं आणि “वऱ्हाड आणाया चाललाय म्हणं म्हातारा,” म्हणत एकानं एक तुकडा पडद्याच्या फटीतून आत टाकला.

जोतिबा चढून बसला. मोटार वेशीबाहेर पडली.

“सांगितलंसा न्हवं?” अर्जुनानं समोर बघतच विचारलं.

“सांगितलं.”

“मग?”

“ऐकनात.”

अर्जुनानं मोटारीचा वेग वाढवला. मागं बनुबाईनं हे ऐकलं. पायाशी पडलेला खोबऱ्याचा तुकडा तिनं उचलून बाहेर टाकला.

मिरजेच्या दवाखान्यात शालूबाईला आत नेलं तेव्हा दुपार टळली होती. तासाभरानं नर्स बाहेर आली. बाई वाचली होती. मुलगा होता, तो आत गुदमरून गेला होता. आईला आणखी आठ दिवस ठेवावं लागेल, असं सांगून तिनं पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं अर्जुनाच्या हातात दिलं. बापलेक ओढ्याच्या कडेला गेले. खड्डा जोतिबानं घेतला.

परत आल्यावर अर्जुनानं हत्यारांची पेटी काढली आणि तो बॉनेटवर चढला. मोराचे दोन बोल्ट सुटले, तिसरा गंजला होता. त्यानं पान्हा फेकून मोराची मान दोन्ही हातांनी धरली आणि पिरगाळून तोडली. पत्र्यानं तळहात कापला. मग आरसे, मग भोंगा. ओसरीवरचे रोग्यांचे नातेवाईक उठून बघायला आले.

“बाई अडलीया म्हणून सांगूनसुदिक ऐकलं न्हाई त्यांनी,” तो म्हणाला. “कसं ऐकतील? ह्यो मोर बघून कुणाला खरं वाटंल, आबा? तुमी सांगत हुता मला. पयल्या दिवशीच सांगत हुता.”

जोतिबानं खाली पडलेला पान्हा उचलला. दवाखान्याच्या पायरीवर बनुबाई बसली होती. ती त्याच्याकडंच बघत होती. तो वाकून मागच्या आरशाचे स्क्रू ढिले करू लागला.

दिवस मावळायच्या आत मोटार उघडी झाली. सागवानावर भोकांच्या रांगा दिसत होत्या. आतला पडदा आणि मागच्या दारावरची गुलाब हुंगणारी बाई तेवढी राहिली. बाईचा रंग पान्ह्यानं निघणारा नव्हता. अर्जुनानं हाताला चिंधी बांधली. जोतिबाला आणि बनुबाईला गावी सोडून त्याला सामान घेऊन परत यायचं होतं. बनुबाई आत जाऊन बसली.

“कुंडलात थांबणार हाय मी,” अर्जुना हँडल हातात घेऊन म्हणाला. “भांडाया न्हवं. हंबीररावांस्नी नुसतं इचारणार हाय. म्हाताऱ्या माणसानं हात जोडून सांगितलं, तरी तुमाला नारळच का सुचला, एवढंच.”

जोतिबा पायरीवर एक पाय ठेवून उभा होता.

“इस्लामपुरावरनं जाऊ,” तो म्हणाला.

“लय लांब पडतंय ते. नदीला नावंवर मोटार घालावी लागंल.”

“घालू.”

“पण का, आबा?”

आतून बनुबाईनं पडदा बाजूला केला. घुंगरं वाजली. जोतिबा उत्तर देतो का, हे ऐकायला ती थांबली होती.

“मला बघवणार न्हाई ती वेस,” जोतिबा म्हणाला.

अर्जुनाचा चेहरा मऊ झाला. त्यानं बापाच्या खांद्याला हात लावला, चिंधी बांधलेला, आणि तो पुढं हँडल मारायला गेला. बनुबाईनं पडदा सोडून दिला.