सायीच्या रंगाची मखमल

सकाळी कारागिरानं आईला हाक मारली, तर तिनं त्यालाच विचारलं, "तुम्ही कोण?"

थट्टा असेल म्हणून तो हसला. आई हसली नाही. पलंगाच्या कडेला बसून ती चादरीची एकच चुणी पुन्हा पुन्हा सपाट करत होती, आणि ओठ इतके सुकले होते की बोलताना एकमेकांना चिकटत होते. बायकोनं टॅक्सी बोलावली. त्यानं आईला उचललं, आणि जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की दुकानातलं उशांचं पोतंसुद्धा हिच्यापेक्षा जड भरेल.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर रिकामा बसलेला माणूस स्वतःला काय काय सांगत सुटतो, ते वेगळं सांगायला नको. मेंदूत रक्त साकळलं असेल. आता ती आपल्याला कधीच ओळखणार नाही. बाकाचं रेक्झिन फाटलं होतं. एरवी त्याचे हात शिवशिवले असते. आज त्यानं त्या भोकात बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

हा गृहस्थ सोफ्यांना कापड चढवायचा. तीस वर्षं लोकांच्या बैठका नटवल्या आणि स्वतःच्या घरात मात्र फाटका दिवाण. शेवटी चार पैसे गाठीला लागले, तेव्हा बायको म्हणाली, आईंना त्यांच्या बहिणीकडे घेऊन जाऊ, समुद्रावर आठवडाभर राहू. दोघी सात वर्षांत भेटलेल्या नाहीत. आईनं तर माळ्यावरची बॅग काढून पुसूनही ठेवली. पण आमच्या शहाण्यानं डोकं चालवलं. सहल आठ दिवसांत संपते, सोफा वीस वर्षं डोळ्यांसमोर राहतो, आता सुख कशात आहे ते तुम्हीच सांगा! सांगणार कोण? त्यानं दिवाण भंगारात दिला, सायीच्या रंगाची मखमल आणली आणि असा सोफा केला की शेजारीपाजारी बघायला आले.

बघायला आले, बसायला कुणी धजावलं नाही. चहा स्वयंपाकघरात, पेपर जिन्यात, आणि सोफा आपला तळहातावरच्या फोडासारखा जपलेला. आईनं मात्र रोज संध्याकाळी त्यावर टीव्हीसमोर बसायचं, असा त्याचा हट्ट. तुझ्यासाठीच केलाय म्हणायचा, आणि तसं त्याला खरंच वाटायचं.

मखमलीवरचा डाग जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जेवताना तो गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचा. महिन्यापूर्वी एका म्हाताऱ्याच्या कोचाचा किस्सा त्यानं नाक दाबून, अभिनयासकट सांगितला. कापड काढलं, फोम काढला, शेवटी खालची फळीसुद्धा फेकावी लागली, एवढा लघवीचा वास. सगळे हसले. आईही हसली होती.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मेंदूला काही झालं नव्हतं. अंगात पाणीच उरलं नव्हतं. अजून एखादा दिवस गेला असता तर जिवावर बेतलं असतं. घरात पाणी येत नाही का, असं त्यांनी जरा रागानंच विचारलं.

संध्याकाळपर्यंत सलाईनच्या बाटल्या चढल्या आणि आईनं त्याला नावानं हाक मारली. तो लहान मुलासारखा रडला. मग त्यानं विचारलं, पाणी का सोडलंस? आईनं आजूबाजूला पाहिलं, आणि त्याला जवळ बोलावून हळूच बोलली.

"अरे, खोकला आला की आता मला आवरत नाही. कधी थेंबभर, कधी जास्त. तू एवढ्या हौसेनं केलायस सोफा. म्हटलं, पाणीच कमी करावं."

त्याला तो किस्सा आठवला, दाबलेलं नाक आठवलं, आणि आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. दिवसभर तो आई जाईल म्हणून घाबरला होता. ती भीती गेली आणि दुसरी येऊन छातीवर बसली: महिनाभर आपली आई आपल्याच घरात आपल्याला घाबरून होती, आणि आपण तिच्यासमोर बसून पोटभर जेवत होतो.

बायकोनं पेला भरून त्याच्या हातात दिला. "पी, आई," तो म्हणाला.

आईनं आधी अंगाखालची पांढरी चादर चाचपली. मग दोन्ही हातांनी पेला धरून, त्याच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता तिनं एक घोट घेतला. आणखी एक घेतला. मग पेला खाली केला.

"एवढं प्यायले तर चालेल ना रे?" तिनं विचारलं.