फालतूचा कप्पा

चूक माझी होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

घरखर्चासाठी मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. फोनवरचं हिशेबाचं ॲप दर महिन्याला पैसे मागायला लागलं, तेव्हा चिडून शिकले. बँकेच्या नोंदी टाकल्या की त्या किराणा, वीज, शाळा अशा कप्प्यांत आपोआप जायच्या. कशातच न बसणारं सगळं शेवटच्या कप्प्यात. त्याचं नाव मी ठेवलं होतं ‘फालतू’, कारण त्यात बहुतेक नवऱ्याच्या सिगरेटी असायच्या.

नोकरी मात्र हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये. जुने केसपेपर शोधून द्यायचे आणि प्रत्येक कामाची नोंद करायची: काय केलं, किती वेळ लागला. तिथे मी आणि आक्का, दोघीच. आक्कांची सव्वीस वर्षं झालेली, निवृत्तीला दोन राहिलेली. दर तिमाहीला या नोंदींचा गोषवारा काढताना आमचे चार दिवस मोडायचे. मला कोण हौस! घरचा प्रोग्राम नेला, कप्प्यांची नावं बदलली आणि चार दिवसांचं काम चार मिनिटांत केलं. शेवटच्या कप्प्याचं नाव तेवढं बदलायचं राहिलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आमच्या मॅनेजरांना आम्ही टक्केसाहेब म्हणायचो. रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, पण टक्के तोंडपाठ. त्यांनी माणसागणिक हिशेब मागितला. मी न बघता पाठवला. आक्कांच्या नावापुढे ‘फालतू : एकसष्ट टक्के’.

आठवड्याभरात आक्कांना पत्र आलं. महिनाअखेरीस सेवा समाप्त.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एकसष्ट टक्क्यांतल्या नोंदी उघडल्या. ‘आजोबांना तारीख आठवेना. बायको गेली तेव्हा नातीला पहिला दात आला होता म्हणाले. त्यावरून वर्ष काढलं. पेपर मिळाला. दीड तास.’ ‘बाईंचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय, तिन्ही रॅक पाहिले. चाळीस मिनिटं.’ अशी पानंच्या पानं. नोंदीत केसनंबर असला तरच माझ्या प्रोग्रामला ती कळायची, आणि नंबर हरवलेली माणसं सगळी आक्कांच्या खिडकीवर जायची. नंबरवाली सोपी माणसं माझ्याकडे. माझं फालतू होतं चार टक्के.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसले.

“साहेब, ते नाव माझ्या घरच्या हिशेबातलं आहे. चुकून राहिलं.”

“कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, मॅडम.”

“कॉम्प्युटर बोलतच नाही. बोलले मी, आणि चुकीचं बोलले.”

त्यांनी दार लावून घेतलं. “रिपोर्ट वर गेलाय. आता मागे घेतला तर माझी काय शोभा राहील?”

म्हणजे त्यांना पटलं होतं! पटूनसुद्धा एका बाईच्या पोटावर पाय देत होते, का, तर शोभा! मी वरच्यांना तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटच्या दिवशी आक्का ड्रॉवर रिकामा करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “इतकी वर्षं शेजारी बसलीस. हे काय लिहिता, एवढं एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं.”

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता नंबर हरवलेली माणसं माझ्या खिडकीवर येतात. कुणाला फक्त डॉक्टरांचा चष्मा आठवतो, कुणाला खिडकीबाहेरचं झाड. मी रॅक चढते, उतरते. आक्कांना दीड तास लागायचा, मला अख्खा दिवस लागतो, आणि निम्मे पेपर सापडत नाहीत. ती माणसं तशीच परत जातात.

पुढच्या तिमाहीचा रिपोर्ट गेला आणि टक्केसाहेबांचा फोन आला.

“हे काय आहे? ‘आक्का : अठ्ठ्याहत्तर टक्के’?”

“शेवटच्या कप्प्याचं नाव बदललंय,” मी म्हटलं. “आपण दोघांनी काढून टाकलं ना, ते काम आहे साहेब.”