नमस्कार करणारे मासे

रडणाऱ्या लेकराला गप करायला माणूस काहीही बोलून जातो. मार्तंडरावही बोलले आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं. तेही कुणाच्या, तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या मास्तराच्या.

बिलोलीकडच्या त्यांच्या गावाबाहेर नदीला देवाचा डोह आहे. तिथं कुणी जाळं टाकत नाही, त्यामुळं मासे माणसाळलेले. पायरीवर लाह्या टाकल्या की झुंबड उडते. गेल्या उन्हाळ्यात नात उर्वीला घेऊन ते तिथं गेले, तर माशांच्या पाठी मधोमध वाकलेल्या. एकाचा जबडा तिरपा, एकाला एका बाजूचा डोळाच नाही. पोरीनं भोकाड पसरलं. मार्तंडराव काय ते समजले. वरच्या अंगाला कारखाना झाला होता अन् त्याचं लालसर पाणी नाल्यानं डोहात उतरत होतं. पण एवढ्याशा जिवाला ते काय सांगायचं? "अगं, देवाला नमस्कार करून राहिलेत ते," म्हणाले अन् मोकळे झाले.

पोरीनं शाळेत सांगितलं, शाळेनं गावाला. गावाला तेवढंच पाहिजे होतं. बघता बघता डोहावर जत्रा भरायला लागली. नारळ आले, पेढे आले, मोबाइलवर फोटो फिरले. देवस्थानचा अध्यक्ष वीरभद्र यानं पायऱ्यांना गुळगुळीत फरशी बसवली. खर्च कारखान्यानं उचलला, दुसरं कोण उचलणार? डोहाचं पाणी तीर्थ म्हणून घरोघरी जाऊ लागलं.

"मासे आजारी आहेत बाबांनो, ते पाणी पिऊ नका," मार्तंडराव सांगून सांगून थकले.

लोक हसायचे. "मास्तर, तुमीच तर पैल्यांदा वळखलं."

उर्वी रोज शाळेतून येताना ओंजळभर तीर्थ पिऊन येते, हे त्यांना कळलं. घरी रागावून झालं, समजावून झालं. पोरगी ऐकेना. मग त्यांनी अर्जांचा सपाटा लावला. नाला बंद होत नाही तोवर स्वस्थ बसणार नव्हते. अखेर नांदेडहून प्रदूषण मंडळाचे एक साहेब पाणी तपासायला आले.

मार्तंडराव नमुन्याची बाटली घेऊन आधीच पायरीवर हजर होते. साहेबांनी बूट काढले तेव्हा मास्तरांना वाटलं, आता पाण्यात उतरतील. साहेबांनी हात जोडले.

"नमुना घ्या की साहेब."

"घेतो ना, गुरुजी," साहेब हळूच म्हणाले. "पण एवढ्या लोकांची श्रद्धा हाय. नाल्याला हात लावायचा म्हणजे..." वीरभद्रानं त्यांच्या गळ्यात हार घातला.

तेवढ्यात उर्वी भरलेली ओंजळ घेऊन समोर आली. "आजोबा, घ्या ना."

मार्तंडरावांनी फटका मारून पाणी सांडून टाकलं. "खोटं आहे ते, उर्वे. मी खोटं बोललो होतो तुला." सगळ्या गावासमोर, घसा फाटेस्तोवर ते हेच बोलत राहिले.

पोरगी रडायला लागली, अगदी त्या दिवशीसारखी. वीरभद्रानं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले. "रडू नको माय. आजोबाचं वय झालंय, त्येंच्या ध्यानात ऱ्हात न्हाई," म्हणाला अन् तिच्या ओंजळीत पुन्हा पाणी ओतलं.

उर्वीनं एकदा आजोबांकडं पाहिलं. मग ती गप झाली अन् पाणी प्याली.