फौजदाराची थंडी

काळुरामने फौजदाराला दोन्ही हातांनी उचलून गुरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर ठेवलं. ठेवला तसा तो राहिला. उभा जन्म कळव्याच्या मिठागरावर राखण केलेला हा कुत्रा हल्ली चोर आला तर जांभई द्यायचा, आणि चोराला उगाच अडचण नको म्हणून कूस बदलायचा.

"आयतवारी याला खडवलीला सोडून येतो," काळुराम डॉक्टरांना म्हणाला. "दाखवायचा हट्ट हिचा."

त्याची बायको ठमाबाई भिंतीला टेकून उभी होती. पिल्लू असताना तिनंच फौजदाराला पदरात घालून घरी आणलं होतं. रविवारनंतर तो ओट्यावर नसेल, एवढंच सकाळपासून तिच्या डोक्यात होतं. बाकी डोक्यात आताशा फार काही राहत नसे; चुलीवरचं दूधसुद्धा नाही.

डॉक्टरांनी कुत्र्याची केस गेलेली पाठ चाचपली.

"फार खातो?"

"कुठं! तरी फुगतोय."

"दिवसभर झोपून?"

"झोपून उठला तरी दमलेलाच," ठमाबाई म्हणाली.

"थंडी वाजते?"

"वाजते. भर वैशाखात."

"कुत्र्याला?"

ठमाबाईनं पदर गळ्याशी ओढून घेतला. "त्यालाबी."

डॉक्टर तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे जरा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की अंगातली चूल मंदावते. मुंबईहून गोळ्या मागवतो. जन्मभर द्याव्या लागतील, पण हा उठेल."

"म्हंजे हा आळशी नाय?"

"आजारी आहे."

काळुरामचा चेहरा उतरला. "आन मी परवा लाथ घातली रे तुला! आता खडवली नाय न् काय नाय. घरात याला कुणी आळशी बोलायचं नाय."

घरात ते पद रिकामं राहणार नव्हतं. ठमाबाई होतीच.

"बाईंनाही दाखवा," डॉक्टर म्हणाले. "तलावापाशी माणसांचे डॉक्टर आहेत."

"हिला काय धाड भरलीय?" काळुराम हसला.

ठमाबाईला राग आला नाही. रागालाही अंगात थोडी ऊब लागते. फौजदार राहिला, तेवढं तिला पुरे होतं. गाडीत ती त्याला टेकून बसली आणि बैलांनी घरची वाट धरायच्या आत पेंगली.

पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली, तेव्हा तिनं डोळे उघडले. ऊन मी म्हणत होतं. काळुराम मागे वळून फौजदाराकडे बघत होता. मग तिच्याकडे. मग पुन्हा फौजदाराकडे. दोघं एकाच कुशीवर, सारखीच अंग चोरून पडली होती.

त्यानं कासरा ओढून गाडी उलटी फिरवली.

"काय इसरलं?" ठमाबाईनं विचारलं.

"इसरलो," बैलांकडे बघत तो म्हणाला. "नीज तू."

गुरांचा दवाखाना आला. गाडी तिथं थांबली नाही.