चोवीस टाचण्या

आमच्या घरात टाचण्या मोजायचं काम ताईचं. काळ्या डोक्याच्या चोवीस टाचण्या, एका जाड कापडी उशीत टोचलेल्या. काम काढताना मोजायच्या आणि आवरताना मोजायच्या, मग खाली आग का लागलेली असेना. मोजताना ताईचे ओठ हलतात आणि ते बघून मला उगाच चीड येते. मला कशाचीही चीड येते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, त्याला लांबून यावं लागत नाही.

आम्ही दोघी बहिणी लोकरीची खेळणी विणतो, अंगठ्याएवढी. एकशिंगी घोडा, पंखांचं मांजर, झाडूवर बसलेली चेटकीण, ड्रॅगन. दोन खोल्या आहेत आणि खाली लॉन्ड्री, त्यामुळे आमच्या लोकरीला बारा महिने साबणाच्या वाफेचा वास. ताई बारीक सुयांवर अंग विणते, शेपटी आणि पंख विणते. मी कापूस भरते, शिवते आणि चेहरा करते. डोळा एक टाका इकडचा तिकडे झाला की ड्रॅगन ड्रॅगन राहत नाही, दातदुखीने हैराण झालेला मास्तर दिसायला लागतो. म्हणून आधी दोन टाचण्या टोचून डोळ्यांची जागा ठरवायची, हात लांब करून बघायचं, पटलं की टाचणी काढून तिथे काळ्या दोऱ्याची गाठ मारायची. टाचणीचं डोकं इतकं बारीक असतं की वीण जरा सैल असली तर ते गुपचूप आत जातं. म्हणून मोजायच्या.

त्या दिवशी तेरा ड्रॅगन होते. बारा खेळण्यांच्या दुकानाचे आणि तेरावा आमच्या भाचीचा. भाची म्हणजे दादाची मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती की दादा तिला बटण म्हणाला, ते नाव सात वर्षं चिकटलं. तिला रक्ताचा आजार झाला होता आणि ती चार महिने हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगून टाकलं होतं. बटणने मला सांगितलं होतं, "हिरवा हवा, आणि पोट पिवळं."

चेहरे मी सगळे एका बैठकीत करते, नाहीतर ती भावंडं वाटत नाहीत. तेराव्याचे डोळे झाले तेव्हा साडेतीन वाजले होते. भेटायची वेळ चार ते पाच. वहिनी आम्हाला न्यायला आलेली, दारात चपला घालूनच उभी. ताई उशी घेऊन बसली आणि तिचे ओठ हलायला लागले.

"तेवीस," ती म्हणाली. "एक कमी आहे गं."

"परत मोज."

तिने परत मोजल्या. दारात वहिनीने घड्याळ बघितलं.

"तेवीसच."

"इकडे आण!" मी उशी हिसकावली. "तुझे डोळे गेलेत, ताई. चष्म्याचा नंबर बदल म्हणून वर्षभर सांगतेय." मी उशी उलटीसुलटी केली, वरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चोवीस आहेत. चला."

मी मोजल्या नव्हत्या. एकसुद्धा मोजली नव्हती. ताईने चष्मा काढून पदराने पुसला. ती माझं ऐकते, कारण मी मोठ्याने बोलते.

बटणला ड्रॅगन इतका आवडला की तिने तो दोन्ही हातांत घेऊन हुंगला. "साबणाचा वास येतो," म्हणाली. मग मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"छोटी आत्या, हा चावतो गं."

"ड्रॅगन आहे तो," मी म्हणाले. "चावणार नाही तर काय पापा घेणार? आणि सगळ्यांना नाही हं चावत. ज्याच्याशी दोस्ती असते त्यालाच चावतो."

बटण हसली. चार महिन्यांत ती तशी हसली नव्हती, म्हणून आम्ही सगळेच हसलो. घरी येताना रस्ताभर मी स्वतःवर खूश होते. बोलायला आपल्याला बरं जमतं, असं मनात म्हणत होते.

नवव्या दिवशी ती गेली. तळहातावर लाल ठिपके होते, पण त्या आजारात तसे ठिपके अंगभर उठतात. नर्सने पाहिले, आम्ही पाहिले, कुणाला काही वाटलं नाही.

ते नऊ दिवस हॉस्पिटलच्या खेपांत गेले आणि पुढचे पंधरा दिवसही आमच्याकडे सुई हलली नाही. दुकानदार भला माणूस, त्याने दोनदा निरोप पाठवला की सावकाश द्या. शेवटी एका सकाळी ताई म्हणाली, "बसून काय होणार आहे? घे काम." आणि सवयीने तिने उशी पुढ्यात ओढली.

तिचे ओठ हलताना मी बघत होते. ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

"तेवीस," ताई म्हणाली.

या वेळी मी मोजल्या. एकेक काढून पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या. तेवीस. मग आम्ही चटई उचलली, लोकरीची टोपली उपडी केली, फटीतून लोहचुंबक फिरवलं. मग दुकानाचे बारा ड्रॅगन डब्यातून काढले. मी पोटाची शिवण उसवायची, ताईने कापूस बोटांनी पिंजून बघायचा. पहिल्यात काही नाही. चौथ्यात नाही, नवव्यात नाही. बाराव्याचा कापूस ताईने दोनदा पिंजला. चटईवर बारा हिरव्या साली पडल्या होत्या.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली. "मग खालीच कुठे पडली असेल. झाडताना गेली." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला तेरावा आठवला.

"तो तिच्याबरोबर दिला ना?" तिने विचारलं.

"नाही. वहिनीकडे आहे."

ताई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

कात्री, सुई-दोरा आणि उशी पिशवीत टाकून मी दादाच्या घरी गेले. दादा कामावर होता. वहिनी स्वयंपाकघरात बटणचे मोजे जोड्या लावून ठेवत होती. ड्रॅगनचं विचारलं तर तिने बटणची कंपासपेटी आणून माझ्यासमोर ठेवली.

"मी अजून हातात घेतला नाही, वन्सं. नर्सने तिची मूठ सोडवून काढला, तसाच यात ठेवलाय. धीर होत नाही."

तो खडूच्या तुकड्यांशेजारी पडला होता. पिवळ्या पोटावर तपकिरी डाग होते. मी हात लावायच्या आतच वहिनी बोलायला लागली.

"चावतो म्हणायची. रोज म्हणायची. मी म्हटलं, दुखतं का गं, ठेवू का बाजूला? तर नको म्हणे. छोटी आत्या म्हणाली, ज्याच्याशी दोस्ती त्यालाच चावतो. झोपेतसुद्धा मूठ सोडली नाही."

मला वाटलं, इथून उठावं आणि पळून जावं. कुणाला काही कळलं नसतं. मी म्हणाले, "वहिनी, यात टाचणी आहे."

तिला समजायला वेळ लागला. मी कात्री काढली. तिने नको म्हटलं नाही. शिवण उसवली, कापूस बाहेर ओढला. मानेपासून पोटापर्यंत तिरपी घुसलेली ती टाचणी निघाली, टोकाशी गंजलेली, काळं डोकं अजून चकचकीत. मी ती मोज्यांशेजारी ठेवली.

"ताईने तेवीस मोजल्या होत्या," मी म्हणाले. "दोनदा. मी न मोजता चोवीस म्हणाले."

वहिनीचा आवाज एकदम खाली गेला. "मी दारात उभी होते म्हणून? घाई केली म्हणून?"

हो म्हटलं असतं तर अर्धं खरं ठरलं असतं, आणि माझ्यावरचं ओझं अर्धं झालं असतं.

"नाही," मी म्हणाले. "तुमचा काही संबंध नाही. माझं तोंड असंच आहे."

ती टाचणीकडे बघत बसली. मग कापूस माझ्याकडे सरकवत म्हणाली, "शिवून द्या परत."

मी तोच कापूस भरला आणि तीच शिवण घातली. एक टाका वाकडा पडला, तो उसवून पुन्हा घातला. मग उशी पुढे घेतली, गंजकी टाचणी तिच्यात टोचली आणि सगळ्या मोजल्या, एकेकीवर बोट ठेवून, वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चोवीस.

वहिनीने ड्रॅगन उचलला आणि पहिल्यांदाच मुठीत धरला. काही टोचतंय का ते बघायला तिने मूठ आवळली. काही टोचलं नाही. तिने आणखी जोरात आवळली.